नाव कुठे घातलंय?

आजी होणार असल्याची बातमी लेकीने मला लिफ्टमध्ये दिली. एकोणिसावा मजला ते तळमजला, एवढा वेळ तिने त्यासाठी राखून ठेवला होता. सातव्यावर लिफ्ट थांबली आणि एक बाई आत आल्या. त्यांना मी त्यांच्या कुत्र्यावरून ओळखते. कुत्र्याचं नाव माहीत आहे, त्यांचं नाही. त्यांनी माझ्या डोळ्यांतलं पाणी पाहिलं, लेकीचा चेहरा पाहिला आणि तळमजला यायच्या आत विचारलं, "अय्या, हो का? नाव कुठे घातलंय?"

अभिनंदन नाही, कितवा महिना नाही. नाव कुठे घातलंय.

मुंबई-ठाण्याबाहेर ज्यांचं आयुष्य गेलं त्यांच्यासाठी खुलासा केलेला बरा. हे नाव घालणं म्हणजे बारसं नव्हे. बाळाच्या नावाला अजून अवकाश असतो. आत्ता घालायचं ते आईचं नाव, इस्पितळाच्या वहीत. ही बाई आमच्याकडे बाळंत होणार, अशी ती नोंद. वहीत नाव पडेपर्यंत गरोदर बाई समाजाच्या लेखी बेवारस सामान असते आणि दिसेल त्याला ते उचलून योग्य ठिकाणी पोचवायची घाई असते.

आम्ही राहतो बाळकुमला. गावाच्या नावातच बाळ आहे म्हटल्यावर हा प्रश्न गावातल्या गावात सुटेल अशी माझी भाबडी समजूत होती. माजिवडा, कापूरबावडी करत जुन्या आग्रा रोडने भिवंडीकडे वळलं की बाळकुम. पुढे कशेळीचा पूल, काल्हेर, आणि मग गोदामंच गोदामं. रस्त्याच्या एका अंगाला जुने पाडे, आगरी-कोळ्यांची घरं. दुसऱ्या अंगाला आमच्यासारख्यांचे टॉवर. त्यांची नावं पाड्यावरच्या आजीला उच्चारता येत नाहीत, आणि खरं सांगायचं तर मलाही येत नाहीत. मी रिक्षावाल्याला "अग्निशमन केंद्राच्या पुढे" सांगते. २०२० साली करोनात महापालिकेने इथे १,०२४ खाटांचं रुग्णालय उभं केलं, तेव्हा बोरिवलीच्या भावाने फोन करून "तुमच्या दारात हजार खाटा!" असं माझं अभिनंदन केलं होतं. आता मला एकच हवी होती, तर तिच्यासाठी अख्खं ठाणे पालथं घालायची पाळी आली.

आमच्या घराण्यात ही निवड नावाची भानगड नव्हती. मी चिपळूणजवळ आजोळी, माजघरात जन्मले. आई सातव्या महिन्यात एसटीत बसून माहेरी गेली आणि दोन महिन्यांचं गाठोडं घेऊन परत आली. मधल्या काळात वडिलांना एक तार गेली, एवढाच त्यांचा सहभाग. बाळंत कुठे व्हायचं याचं उत्तर 'जिथे आपली आई असेल तिथे'. माझ्या वेळी, १९९५ साली, आई-वडील नौपाड्यात राहायला आले होते. त्यांच्या गल्लीत एक नर्सिंग होम होतं. खाली पिठाची गिरणी, वर आम्ही. तेच ठिकाण का, तर घरचा डबा गरम पोचतो. कळा सुरू झाल्या तशी गिरणीही सुरू झाली आणि मी किती ओरडले हे गल्लीत कुणालाच कळलं नाही, हा त्या जागेचा मोठाच फायदा. लेक झाली तेव्हा खाली बाजरी चालली होती. अजूनही बाजरीच्या पिठाचा वास आला की माझी कंबर दुखते.

नाक्यावर मावरं विकायला बसणाऱ्या आजींच्या कानावर मी बातमी घातली. बोंबलांचा वाटा पिशवीत टाकता टाकता त्यांनी विचारलं, "कंच्या हास्पिटलान?" म्हटलं, ठरायचंय. त्या हसल्या. "माजी चार पोरां घरानच झाली. सुईन यायची, पानी तापवायचं, झाला." मी घरी येऊन हे कौतुकाने सांगितलं, तर भांडी घासणाऱ्या मावशी मान वर न करता म्हणाल्या, "चार न्हाई, सहा झाली त्यांना. चार ऱ्हायली." आजी हिशेबात चारच धरतात. त्यानंतर जुन्या काळच्या सुखरूप बाळंतपणांचं कौतुक मी जरा बेताने करते.

आता विहीणबाई. लेकीचं माहेर म्हणजे आमची बी विंग, ती राहते ए विंगमध्ये. पहिलं बाळंतपण माहेरी, या रीतीला तिच्या बाबतीत एक लिफ्ट उतरणं आणि दुसरी चढणं एवढाच अर्थ उरलाय. सासर डोंबिवलीचं. विहीणबाईंचा फोन आला. "रीत मला मान्य आहे हो, पहिलं माहेरीच. पण डॉक्टर मात्र आमचे." आमचे म्हणजे ज्यांच्या हातून आमचे जावई जन्मले ते. "हाताला गुण आहे त्यांच्या. अहो, हा आडवा होता. त्यांनी नुसता हात फिरवून सरळ केला." फोन स्पीकरवर होता. जावई समोर चहा पीत बसले होते. त्यांनी कप खाली ठेवला आणि ते गॅलरीत निघून गेले.

डोंबिवलीची माणसं डोंबिवलीविषयी बोलू लागली की मध्ये तोंड घालू नये. पाडव्याची शोभायात्रा त्यांची, फडके रोड त्यांचा, आणि कल्याण-डोंबिवलीची महापालिका एकच असल्यामुळे आनंदीबाई जोशीही त्यांच्याच. "पहिली मराठी डॉक्टर बाई आमच्या कल्याणची," विहीणबाई म्हणाल्या, जणू त्या आजही तिथे ओपीडी पाहतात. खरं तर आनंदीबाईंचा जन्म कुणी कल्याणचा लिहितं, कुणी पुण्याचा, आजोळचा. म्हणजे १८६५ सालीही हाच घोळ होता. पुढचं मात्र सगळे सारखंच लिहितात. चौदाव्या वर्षी मूल झालं, दहा दिवसांत गेलं. आणि ती मुलगी समुद्र ओलांडून फिलाडेल्फियाला गेली, १८८६ साली डॉक्टर झाली, आणि सगळं वैद्यक समोर पसरलेलं असताना तिने प्रबंधाला विषय घेतला तो बाळंतपणाचा. हे मी फोनवर सांगितलं. विहीणबाई गप्प झाल्या. मीही झाले. बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, "तेच म्हणतेय मी. डोंबिवलीच बरं."

त्यांच्या गुरुजींचा मुद्दा वेगळा होता. जागा कुठलीही असो, मूळ नक्षत्र नको. तारखांच्या आसपास दोन दिवस मूळ येत होतं, ते टाळून आधीच्या पुष्यावर 'करून घेता आलं' तर उत्तम, मुहूर्त पहाटे चार दहाचा. बाळ आपल्या मनाने येतं ही कल्पना गुरुजींनी केव्हाच सोडून दिली होती. मी विचारलं, चार दहाला भूल द्यायला डॉक्टर कोण उठेल? विहीणबाई म्हणाल्या, "म्हणूनच आमचे डॉक्टर. ते ब्रह्ममुहूर्तावर उठतातच."

आमच्या घरी यांचा इतिहासाचा अभ्यास आहे, म्हणजे हे बँकेतून निवृत्त झालेले आहेत. यांनी विषय एकदम शिवनेरीवर नेला. मराठी मुलखात बाळंतपणाची जागा विचारपूर्वक निवडल्याचं सर्वांत मोठं उदाहरण तेच, असं यांचं मत, आणि ते खोडता येत नाही. शहाजीराजे धामधुमीत. जिजाऊसाहेबांच्या माहेरी जायचं, तर १६२९ साली निजामशाही दरबारात लखुजीराव जाधवांची हत्या झालेली. मग सोयऱ्यांच्या ताब्यातला शिवनेरी. एकामागोमाग सात दरवाजे. "जागा अशी हवी," हे म्हणाले, "की तिथवर पोचणं अवघड." म्हटलं, अहो, शत्रूला अवघड. आपल्या इस्पितळांत शत्रू सरळ आत येतो, पेढे मागतो, बाळाच्या तोंडाशी तोंड नेतो. अडकते ती बाळंतीण, कापूरबावडीला.

हे यांना पटलं, आणि तेच वाईट झालं. दुसऱ्या दिवसापासून यांनी इस्पितळांच्या वेगवेगळ्या रस्त्यांवर रंगीत तालमी सुरू केल्या. जुनी डायरी, मनगटावर घड्याळ आणि मागच्या सीटवर मी, बाळंतिणीच्या भूमिकेत. पहाटे पाच: अकरा मिनिटं. सकाळी सव्वानऊ: त्रेचाळीस. दुपारी दोन: सत्तावीस, त्यातली नऊ एका कंटेनरमागे. तो भिवंडीच्या गोदामाकडे निघाला होता आणि वळताना त्याला जाणवलं की आपण रस्त्यापेक्षा लांब आहोत. संध्याकाळी सात: डायरीत वेळ नाही, नुसती आडवी रेघ. कारण त्या दिवशी बाळंतीण माजिवड्याला गाडीतून उतरली आणि भाजी घेऊन रिक्षाने घरी आली. बाळकुम नाक्यावर मेट्रोचं स्थानक होतंय, ठाणे-भिवंडी-कल्याण मार्गावरचं. त्याचं भूमिपूजन डिसेंबर २०१८ मध्ये झालं तेव्हा लेकीने जावयांना पाहिलंही नव्हतं. त्यांची ओळख, लग्न, घरासाठीचं कर्ज आणि मूल, सगळं त्या खांबांच्या सावलीत उरकलं.

यांनी कायदाही पाहून ठेवला. चालत्या वाहनात मूल झालं तर जन्माची खबर वाहनाचा चालक देतो, आणि ती द्यायची पहिल्या थांब्याच्या ठिकाणी. "म्हणजे खबर मी देणार," हे छाती पुढे काढून म्हणाले. मला त्या मुलाच्या पासपोर्टवर 'जन्मस्थळ: कापूरबावडी सिग्नल' असं दिसू लागलं. नवल वाटायचं कारण नाही. ठाणे स्टेशनावर एक रुपयात तपासणारा दवाखाना निघाला, तिथे गाडीतून उतरवलेल्या कितीतरी बायका बाळंत झाल्या आहेत. १८५३ साली देशातली पहिली प्रवासी आगगाडी जिथे येऊन थांबली त्या स्टेशनावर जन्मायचं, हे खरं तर कुठल्याही पॅकेजपेक्षा भारदस्त. पण लेकीने डोळे वटारले.

पॅकेजवरून आठवलं. कुत्र्याच्या बाईंनी सुचवलेलं ते चकचकीत इस्पितळ आम्ही पाहायला गेलो. पाहायला म्हणजे सहल असते. शनिवारी अकरा वाजता सहा जोडपी, त्यांच्या आया, आणि पुढे कोट घातलेली एक मुलगी. दारात कॉफी, भिंतीवर परदेशी बाळं. रंगावरून तरी त्यातलं एकही ठाण्यात जन्मलेलं वाटत नव्हतं. कोटवाली म्हणाली, "हा आमचा बर्थिंग सूट." यांनी विचारलं, "किती टक्के?" तिला कळलं नाही. हे म्हणाले, "सूट म्हणालात ना? सणाची आहे का?" लेक आणि जावई दोघेही एकदम भिंतीवरच्या बाळाकडे पाहू लागले.

खोली मात्र देखणी होती. मंद दिवे, पाण्याचा टब, भलामोठा रबरी चेंडू, वडिलांना झोपायला सोफा. हा सोफा यांनी बसून पाहिला. खोल्यांचे चार प्रकार: जनरल, ट्विन शेअरिंग, डिलक्स आणि प्रीमियम. डॉक्टरांची फी खोलीप्रमाणे बदलते हे मला तिथे पहिल्यांदा कळलं. तोच डॉक्टर, तेच टाके, पण प्रीमियममध्ये घातले की महाग. मी म्हटलं, प्रीमियममध्ये धागा वेगळा असतो का? कोटवाली गोड हसली. तिला अशा आज्यांची सवय असावी. मग नाळेतल्या पेशी वर्षानुवर्षं बर्फात ठेवणाऱ्या कंपनीचा एक तरुण आला, बाळाचे फोटो काढणारा आला, विम्याच्या खिडकीवरची मुलगी आली. तिने पॉलिसी पाहून सांगितलं, बाळंतपणाचा प्रतीक्षाकाळ अजून अकरा महिने आहे. बाळाला एवढं थांबायला सांगता येणार नव्हतं.

या सगळ्यात भिंतीवर एकच पाटी मराठीत होती: इथे गर्भलिंगनिदान केले जात नाही, तो गुन्हा आहे. बाकी सगळं इंग्रजीत. म्हणजे आनंद इंग्रजीत आणि दम मराठीत.

बाहेर पडताना मी कोटवालीला हळूच विचारलं, नॉर्मल किती होतात हो तुमच्याकडे? ती म्हणाली, "ते पेशंटवर अवलंबून असतं मॅम." असेलही. पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभरातल्या सरकारी दवाखान्यांत शंभरात साधारण चौदा बाळं सिझरने झाली, खासगीत सत्तेचाळीस. बायका त्याच, बाळं तीच. पत्ता बदलला की वाटही बदलते. सगळा दोष डॉक्टरांच्या माथी मारणं मला पटत नाही. चार दहाचा मुहूर्त काढणारे गुरुजी माझ्याच नात्यात आहेत. आमच्या भिशीत तर सिझर झालेल्या प्रत्येकीकडे एक कारण असतं आणि ते कारण ती जरा अभिमानाने सांगते. पाणी कमी झालं होतं. नाळ गळ्याभोवती होती. बाळाने आतच शी केली. ही सगळी कारणं खरीही असतात, म्हणून तर बोलता येत नाही. एकदा एकीने मोकळेपणी सांगितलं, "मला कळा नको होत्या, बस्स." बाकीच्या अशा गप्प झाल्या, जणू तिने भिशीचे पैसे बुडवले.

मावशींना हे सगळं भांडी घासताना ऐकू जायचं. त्यांच्या दोन्ही सुना कळव्याला महापालिकेच्या शिवाजी रुग्णालयात बाळंत झाल्या. सरकारी ठिकाणी बाळंतपण फुकट, सिझर झालं तरी फुकट, औषधं आणि जेवणही, ही २०११ पासूनची योजना आम्ही कुणी त्यांना सांगायची गरज नव्हती. त्यांनीच मला सांगितली. वर विचारलं, "ताई, तुमी बगितलं ते, तितं रात्री दोनला डाक्टर आस्तो का?"

म्हटलं, असेल की. एवढं मोठं आहे.

"आसंल न्हाई. इचारलं का?"

विचारलं नव्हतं. टबातलं पाणी किती अंशांवर असतं हे विचारलं होतं.

"पोरं रात्रीच येत्यात. एशी काय, उशाला घ्यायचा? दोनला डाक्टर, भूल देनारा आन रगत. तीन गोष्टी. बाकी समदं ऱ्हाऊ द्या." एवढं बोलून त्यांनी कढई जोरात आपटली. आम्ही दोघं हसलो. म्हणजे हे आणि मी. लेक हसली नाही, हे तेव्हा लक्षात आलं नाही.

सहाव्या महिन्याच्या अखेरीस घरात तीन पक्ष स्थिर झाले होते. डोंबिवली पक्ष, सोफा पक्ष आणि डायरीवाले अपक्ष. एका रविवारी विहीणबाई आळीवाचे लाडू घेऊन बाळकुमला आल्या आणि निकाल लावायचं ठरलं. दीड तास सगळे बोलले. जिला बाळंत व्हायचं होतं ती खुर्चीवर पाय वर घेऊन लाडू खात होती. तिसरा लाडू संपल्यावर म्हणाली, "झालं का सगळ्यांचं? मी नाव घातलंय. दहा दिवस झाले."

आमची लेक सॉफ्टवेअर तपासण्याचं काम करते. लोकांनी बनवलेली वस्तू कुठे मोडते ते शोधायचं, याचा तिला पगार मिळतो. तिने लॅपटॉप उघडला. सहा ठिकाणं, आणि पाच रात्री, बरोबर दोन वाजता, प्रत्येकाला फोन. पायाला गोळे येऊन तशीही झोप लागत नव्हती.

चकचकीत ठिकाणी अकरा मिनिटं बासरी वाजली आणि मग आवाज आला की भेटीच्या वेळेसाठी सकाळी नऊनंतर संपर्क साधा. पाचही रात्री तीच बासरी. दुसरीकडे वॉचमनने उचलला. "मॅडम, सब सो गये हैं. आप भी सो जाओ." तिसरीकडे रिंग जातच राहिली. चौथीकडे रिसेप्शनवरच्या मुलाने फार आस्थेने सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी विचारलं, पेशंटचं वय किती, पुरुष की स्त्री.

"आणि आमचे डॉक्टर?" विहीणबाईंनी विचारलं.

लेक जरा घुटमळली. "त्यांनी पहिल्या रिंगला उचलला, आई. स्वतः. मी कोण ते सांगितलं, तर फार प्रेमाने बोलले." मग खाली बघून म्हणाली, "म्हणाले, बाळंतपणं घेणं मी सहा वर्षांपूर्वीच थांबवलंय गं. तुझ्या सासूबाईंना सांगायचं धाडस होत नाही."

विहीणबाईंनी पाण्याचा पेला उचलला. गॅलरीतून जावई आत आले आणि आईशेजारी बसले. मला त्या क्षणी त्या डॉक्टरांचा पत्ता घेऊन त्यांना नमस्कार करून यावंसं वाटलं.

सहावं ठिकाण ठाण्यातलंच. दोन मजली, जुनं, लिफ्ट चालते तेव्हा चालते. पहिल्या रात्री तिथे एका सिस्टरने फोन उचलला आणि नाव-गाव काहीही न विचारता म्हणाली, "किती मिनिटांनी येतेय कळ?" लेक म्हणाली, कळा नाहीत, चौकशी करतेय. "रात्री दोनला चौकशी? झोप येत नाही का? पाय सुजलेत? चेहरा? डोळ्यांपुढे अंधारी? नाही ना? मग डाव्या कुशीवर झोप, पायांमध्ये उशी घे. पोटऱ्यांत गोळे आले तर पंजा स्वतःकडे ओढ." दुसऱ्या रात्रीही तीच. तिसऱ्या रात्री लेकीने मावशींचे तीन प्रश्न विचारले. सिस्टर म्हणाली, डॉक्टर वरच्या मजल्यावर राहतात, भूल देणारे दोन गल्ल्या पलीकडे, रक्तपेढी स्कूटरने सात मिनिटांवर, आणि बाळ काचेत ठेवायची वेळ आली तर कुठे न्यायचं ते आधीच बोलून ठेवलेलं असतं. "आणखी काही? पेन घेऊन बसलीयेस ना?" चौथ्या रात्री लेकीने चाचणी म्हणून केला की सवयीने, ते तिलाच सांगता येईना.

सगळे गप्प होते. हे म्हणाले, "रस्ता?"

"बाबा, तुमच्या डायरीतला तिसरा."

यांचं समाधान झालं.

पुढची गंमत अशी की ती डायरी बिचारी उपयोगाला आलीच नाही. नवव्या महिन्यात एका रात्री पावणेदोनला लेकीच्या पोटात दुखायला लागलं. हे तीन मिनिटांत गाडी काढून तयार. रस्ता असा मोकळा, की कापूरबावडीचा सिग्नल आमच्यासाठी हिरवा झाला आणि यांनी त्याला मान लवून नमस्कार केला. नऊ मिनिटं! विक्रम. सिस्टरने तपासलं, डॉक्टर वरून गाऊनमध्ये उतरल्या, त्यांनीही तपासलं. खोट्या कळा. सकाळपर्यंत थांबवून घेतलं आणि साडेआठला घरी पाठवलं. परतीला एक तास पाच मिनिटं. माजिवड्याच्या पुलाखाली लेक मागच्या सीटवर घोरत होती, मी शेंगदाण्याच्या पुड्या घेतल्या, आणि हे स्टिअरिंगवर डायरी ठेवून गेल्या चार महिन्यांच्या सरासरीत दुरुस्ती करत होते.

खरं बाळंतपण झालं ते एका बुधवारी. लेक नेहमीच्या तपासणीला म्हणून, कुणालाही न सांगता, एकटीच रिक्षाने गेली होती. डॉक्टर म्हणाल्या, आता घरी जाऊ नकोस. आम्हाला फोन आला तेव्हा मी भिशीत होते आणि हे टायरमध्ये हवा भरायला गेले होते. विहीणबाई डोंबिवलीहून लोकलने आमच्या आधी पोचल्या. पिशवीत थर्मास, बाळंतशेपा आणि पंचांग. नक्षत्र मूळच निघालं. त्यांनी पंचांग मिटलं, पिशवीत तळाशी घातलं आणि वर दुपट्टं ठेवलं.

नात झाली. नॉर्मल. खाली गिरणी नव्हती, त्यामुळे लेकीचा आवाज पार रस्त्यापर्यंत गेला. गुंडाळलेलं बाळ यांच्या हातात देताना सिस्टर लेकीकडे वळून म्हणाली, "तूच ना गं ती, दोन वाजताची? आता ही उठवेल तुला रोज, त्याच वेळेला."

तिसऱ्या दिवशी जन्मनोंदणीचा कागद आला. एकवीस दिवसांच्या आत नोंद व्हायला हवी, म्हणून सिस्टरने समोर बसवून भरून घेतला. जन्मस्थळ: ठाणे. बाळाचं नाव: मोकळं ठेवलं, ते नंतर घालता येतं. बारशाला कोणतं नाव यावर पक्ष पुन्हा उभे राहिले आहेत आणि या वेळी अपक्ष डायरीसकट फुटले आहेत. लिफ्टमध्ये कुत्र्याच्या बाई भेटल्या. त्यांनी विचारलं, "शाळेत नाव कुठे घालताय?"

आम्ही घरी आल्यावर मावशी बाळ बघायला आत आल्या. हात पुसून त्यांनी नातीच्या कपाळाला बोट लावलं, दहाची नोट मुठीत दिली, आणि मला म्हणाल्या, "मंग? दोनला हुता का डाक्टर?"

म्हटलं, मावशी, अहो, दुपारी साडेबाराला झाली.

"मंग जेवाया गेला आसंल."